मी तं फक्त ओके दाबलो

चंद्रपूर जिल्ह्यातल्या मूल गावात कुणाच्या घरचा कम्प्युटर बंद पडला की घरमालक दुकानाचा नंबर शोधत बसत नाही. तो पायात चपला सरकवतो, दोन घरं पलीकडे जातो आणि फाटकातूनच विचारतो, "पोरगा घरी आहे का जी?"

पोरगा कोणता, हे सांगावं लागत नाही. प्रत्येक वॉर्डात असा एक असतोच. त्यानं बारावीला सायन्स घेतलेलं असतं, किंवा पॉलिटेक्निकची दोन वर्षं काढलेली असतात, किंवा यातलं काहीच नसतं. कधीकाळी त्यानं कुणाचा तरी रुसलेला प्रिंटर चालू करून दिलेला असतो आणि ती गोष्ट त्याच्या आईनं हळदीकुंकवात सांगितलेली असते. त्या दिवसापासून त्याच्या सुट्या संपल्या. दिवाळीला तो नागपूरहून घरी येतो आणि चिवड्याच्या ताटलीआधी त्याच्यापुढे कुणाचा तरी लॅपटॉप येतो.

पोरगा खुर्ची ओढतो आणि विचारतो, "काय केलं होतं काकाजी?"

"काही नाही केलो."

"काहीतरी आलं असेल ना स्क्रीनवर?"

"हव, आला होता एक डबा. मी तं फक्त ओके दाबलो."

डब्यात काय लिहिलं होतं, हे काकाजींना ठाऊक नसतं. काकूंना नसतं, शेजारी उभ्या असलेल्या नातवालाही नसतं. आणि यात मूलला नावं ठेवण्याचं कारण नाही. चंद्रपुरात, नागपुरात आणि थेट पुण्याच्या हिंजवडीतही त्या डब्याची हीच गत आहे. डबा येतो, बोट जातं, डबा जातो. खाली राहतो तो बिघाड.

माणूस वाचतच नाही म्हणावं, तर तसंही नाही. हेच काकाजी सकाळचा पेपर जाहीर निविदांसकट वाचून काढतात. मोबाइलवर आलेला चाळीस ओळींचा मेसेज, ज्यात लिंबू, हळद आणि नासा असे तिघेही हजर असतात, तो ते शेवटच्या 'पुढे पाठवा'पर्यंत वाचतात, आणि आज्ञाधारकपणे पाठवतातही. यंत्राची स्वतःबद्दलची दोन ओळींची खरी तक्रार मात्र त्यांच्याच्यानं वाचवत नाही. इंग्रजीचं कारण सांगितलं जातं, पण ते पुरत नाही. फोन मराठीत करून दिला तरी बोट आधी 'ठीक आहे'वर जातं, नजर मागून पोचते.

अर्थात, डब्यातला मजकूर लिहिणारेही काही थोर साहित्यिक नव्हते. जुन्या कम्प्युटरची कीबोर्डची वायर निघाली की काळ्या पडद्यावर इंग्रजीत एक ओळ यायची. तिचा अर्थ असा: कीबोर्ड सापडत नाही, पुढे जाण्यासाठी एफ-वन दाबा. जो सापडतच नाही त्याच्यावरचं बटण दाबायला सांगणाऱ्या यंत्राचं पुढे कुणी मनावर घेतलं नाही, यात नवल कसलं?

मूलसारख्या तालुक्याच्या गावात कम्प्युटरची विद्या आली ती एमएस-सीआयटीच्या वाटेनं. महाराष्ट्र नॉलेज कॉर्पोरेशन 2001 मध्ये स्थापन झालं, पाठोपाठ हा अभ्यासक्रम निघाला आणि सरकारी नोकरांना तो सक्तीचा झाला. वेतनवाढ अडकेल म्हटल्यावर तलाठ्यापासून मुख्याध्यापकांपर्यंत सगळे संध्याकाळी विद्यार्थी होऊन बसू लागले. कम्प्युटरच्या खोलीला पडदे, खाली सतरंजी, कोपऱ्यात गावात दुर्मिळ असलेला एसी आणि दारावर पाटी: चपला बाहेर काढा. आत व्हायरस येऊ नये म्हणून हे असतं, असा पुष्कळांचा समज होता आणि तो खोडून काढण्यात केंद्रचालकाचा काही फायदा नव्हता. सतरंजी स्वच्छ राहत होती.

मग माउस हातात आला. वर्गात तीस वर्षं छडी पेललेला हात त्या एवढ्याशा वस्तूपुढे थरथरू लागला. बाण पडद्याच्या कडेला पोचण्याआधीच टेबल संपलं, की पुढे काय करायचं हा मोठाच पेच असे. कुणी माउस हवेत धरून फिरवी, कुणी टेबल सोडून खुर्चीच्या हातावर घाशी. तरी सगळे पास झाले. पेंटमध्ये दोन डोंगर, मधून उगवणारा सूर्य आणि एक झोपडी काढता येऊ लागली. प्रमाणपत्राला लॅमिनेशन झालं. नंतर मुलांच्या प्रोजेक्टचं निमित्त होऊन घरी कम्प्युटर आला. त्यावर झालरीचं कव्हर आलं. दसऱ्याला त्याची पूजा होऊ लागली, झेंडूची माळ मॉनिटरला आणि हळदकुंकू सीपीयूला. त्यातलं फटीतून आत गेलेलं कुंकू काही वर्षांनी पंखा साफ करताना पोराला सापडतं आणि क्षणभर त्याच्या छातीत धस्स होतं.

खरं म्हणजे मूलच्या हवेत कम्प्युटर टिकतो, हेच आश्चर्य. हा भाताचा, झाडीपट्टीचा मुलूख. मूल, सावली, सिंदेवाही, नागभीड, ब्रह्मपुरी, सगळीकडे धान. दिवाळीनंतर कापणी, मळणी आणि मग राइस मिल सुरू. मिलचा बारीक कोंडा वाऱ्याबरोबर कुठंही जातो, आणि सीपीयूचा पंखा तर बाहेरची हवा आत ओढण्यासाठीच बसवलेला. झाकण उघडलं की आत पंखा दिसत नाही, मातकट लोकर दिसते. त्यात मे महिना येतो. चंद्रपूरचं नाव हवामानाच्या बातम्यांत देशात सर्वांत उष्ण म्हणून झळकू लागतं, पारा 46-47 च्या पुढे सरकतो. बाहेर ही तऱ्हा, तर लोकरीखाली गुदमरलेला प्रोसेसर शंभराच्या घरात पोचतो आणि जळण्यापेक्षा बरं म्हणून स्वतःच बंद होतो. घरचे म्हणतात, "आपोआप बंद पडून राहिला, व्हायरस आला वाटते."

उपाय घरगुती असतो. सीपीयूचं एका बाजूचं झाकण कायमचं काढून ठेवायचं आणि कूलरचं तोंड त्याच्याकडे वळवायचं. कूलर पाण्याचा. वाळ्याच्या ताट्यांतून आलेली ओली, सुगंधी हवा थेट मदरबोर्डवर. पोरगा हे पाहतो आणि डोक्याला हात लावतो. काकाजींना वाटतं, त्यालाही ऊन लागलं. पुढे हिवाळ्यात त्याच उघड्या बाजूनं पाल आत शिरते, कारण पॉवर सप्लाय म्हणजे घरातली सर्वांत उबदार जागा. पालीला दोन टोकांमधला विजेचा दाब कळत नाही. घरच्यांना मात्र वासावरून कळतं.

विजेचं प्रकरण तर स्वतंत्र लेखाचं आहे. चंद्रपूरचं महाऔष्णिक वीज केंद्र भारनियमनाच्या काळी 2340 मेगावॉटचं होतं, आज 2920 मेगावॉटचं आहे. जिल्ह्यानं राख खायची आणि वीज मुंबई-पुण्यानं, ही तक्रार इथं जुनी आहे. 2005 नंतरच्या भारनियमनाच्या वर्षांत घराघरांत यूपीएस आला आणि त्याचं ओरडणं रोजच्या आवाजांत मिसळलं. लाइट गेली की यूपीएस टूं-टूं करायचा आणि अख्खं घर धावत यायचं. कुणी म्हणे सेव्ह कर, कुणी म्हणे बंद कर, आजी म्हणे आधी देवाजवळ दिवा लावा. दोन-तीन वर्षांत त्याची बॅटरी मरते आणि मग तो यूपीएस वजनदार एक्स्टेंशन बोर्ड म्हणून उरतो. मूलमधल्या निम्म्या यूपीएसांची सध्याची नेमणूक हीच असावी.

कम्प्युटर चालू होताना लांबलांब बीप देऊ लागला की मात्र पोराचा चेहरा उजळतो. हे दुखणं त्याला येतं. तो सीपीयू आडवा झोपवतो. चारपैकी एकच स्क्रू शिल्लक असतो, तो काढतो. आतली रॅमची पट्टी दोन्ही बाजूंचे खटके दाबून उपसतो. पट्टीच्या कडेला सोनेरी दातांची ओळ असते. त्या दातांना शाळेचं पांढरं खोडरबर हळूच घासायचं, चुरा झटकायचा, पट्टी परत बसवायची, खट्‌ असा आवाज आला पाहिजे. बीप थांबते. पडदा उजळतो. यात जादू काही नाही. दातांवर धूळ आणि बारीक थर साचतो, संपर्क तुटतो, खोडरबर तो थर पुसतं, एवढंच. पण घरच्यांच्या डोळ्यांदेखत कंपासपेटीतल्या खोडरबरानं हजारोंचं यंत्र उठून बसलेलं असतं. तेव्हापासून त्या घरात सिमकार्डाला, टीव्हीच्या रिमोटच्या सेलला आणि गॅसच्या लायटरला खोडरबर घासलं जातं. वाईट याचं, की पहिल्या दोन ठिकाणी ते कधीकधी लागूही पडतं.

खोडरबरानंही भागलं नाही तर सीपीयूला चंद्रपूरला न्यावं लागतं. सुमारे 45 किलोमीटर, एसटीच्या लालपरीनं. सीपीयू मांडीवर, वायरींची पिशवी पायाशी आणि कंडक्टरशी लगेजवरून वाद. चंद्रपूरच्या दुकानात तंत्रज्ञ वायर जोडतो, बटण दाबतो आणि सीपीयू पहिल्या झटक्यात सुरू होतो, जणू घरी त्यानं कधी त्रास दिलाच नाही. तंत्रज्ञ तपासणीचे पैसे घेतो. मूलला परत आल्यावर सीपीयू पुन्हा मुका. मग कधीतरी ध्यानात येतं की भिंतीवरचा प्लगच ढिला आहे आणि त्यात काडेपेटीची काडी खोचली की सगळं ठाकठीक चालतं. ती काडी पुढे काही वर्षं तशीच राहते. पाहुण्यांनी तिला हात लावू नये, अशी घरात ताकीद असते.

आता एका निवृत्त मास्तरांचं उदाहरण घेऊ. असे मास्तर मूलच्या प्रत्येक वॉर्डात भेटतील. नोव्हेंबर आला की पेन्शनरांना हयातीचा दाखला द्यावा लागतो. पूर्वी त्यासाठी बँकेत जाऊन साहेबांपुढे जिवंत उभं राहावं लागे. 2014 च्या नोव्हेंबरात 'जीवन प्रमाण' सुरू झालं आणि डिजिटल दाखल्याची सोय झाली. मास्तर सकाळी आंघोळ करून, कपाळाला गंध लावून कम्प्युटरपुढे बसतात. वेबसाइट उघडत नाही. बँकेचीही नाही, ई-मेलही नाही. प्रत्येक वेळी लाल खुणेचा एक डबा येतो. मास्तर ओके दाबतात. डबा परत येतो. आता मास्तरांच्या मनात शंका शिरते, की आपण हयात असल्याचं सरकारला मान्यच नाही.

पोरगा येतो, डब्याकडे न पाहता पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात खाली पाहतो. तिथं तारीख असते 1 जानेवारी 2009. कम्प्युटरच्या मदरबोर्डवर एक नाण्याएवढा सेल असतो. वीज नसतानाही घड्याळ चालू ठेवणं हे त्याचं काम. काही वर्षांनी तो संपतो आणि मग दर वेळी बटण बंद केलं की यंत्र आपल्या जन्मकाळच्या तारखेला परत जातं. सुरक्षित वेबसाइटकडे एक प्रमाणपत्र असतं आणि त्यावर कधीपासून कधीपर्यंत ही मुदत असते. 2009 मध्ये वावरणाऱ्या यंत्राच्या हिशोबानं ते प्रमाणपत्र अजून निघालेलंच नाही, म्हणून ते दार उघडत नाही. त्याच हिशोबानं मास्तरांची निवृत्तीही अजून व्हायची होती. तेव्हा पेन्शन मागणारा हा गृहस्थ कोण, हा यंत्राचा संशय अगदीच अनाठायी नव्हता.

आणि गंमत अशी, की डब्यात हेच लिहिलेलं असतं. 'तुमचं घड्याळ मागे आहे.' इतक्या सरळ शब्दांत तर मास्तरांना बायकोही काही सांगत नाही. त्या सेलचं नाव सीआर 2032, म्हणजे 20 मिलिमीटर रुंद आणि 3.2 मिलिमीटर जाड. तीन व्होल्टचा. किंमत काही दहा रुपयांत. कम्प्युटरच्या दुकानात नाही मिळाला तर घड्याळ दुरुस्तीवाल्याकडे हमखास मिळतो. दहा मिनिटांत मास्तर सरकारदरबारी जिवंत झाले. तरी संध्याकाळी चौकात त्यांनी सांगितलं ते हेच: "सर्व्हर डाऊन होता."

सर्व्हर डाऊन, हे हल्लीच्या काळातलं सर्वांत सोयीचं निदान. त्यात कुणाचाच दोष नसतो.

मराठी टायपिंगचं दुखणं थोडक्यात आटपू, कारण ते आठवलं की पुष्कळांचा रक्तदाब वाढतो. झेरॉक्सच्या दुकानात कृतिदेव फॉन्टमध्ये टाइप केलेला अर्ज घरच्या कम्प्युटरवर उघडला की पडद्यावर इंग्रजी अक्षरांचा चिवडा दिसतो. कारण कृतिदेव आतून इंग्रजी अक्षरंच साठवतो, वरून फक्त मराठी मुखवटा चढवतो. मुखवटा दुसऱ्याच्या घरी नसला की आतला चेहरा उघडा पडतो. खुद्द 'मूल' हा शब्द तिथं ई, डब्ल्यू, वाय असा दिसतो. युनिकोडमध्ये देवनागरी 1991 पासून आहे, फुकट आहे, कुठंही उघडते. पण टायपिस्टची बोटं ज्या कळांना सरावली त्या कळा सोडायला तयार नाहीत, आणि त्या चिवड्याला व्हायरस समजून कम्प्युटर फॉरमॅट करून घेणारे महाभाग तालुक्यात होऊन गेले आहेत.

एवढं सगळं चालत असताना कम्प्युटर हळूहळू कोपऱ्यात गेला आणि घरातल्या प्रत्येकाच्या हातात मोबाइल आला. 2016 च्या सप्टेंबरात जिओनं डेटा जवळपास फुकट करून टाकला. त्याआधी मूलमध्ये फोटो पाठवणं म्हणजे खर्चाची बाब होती. आता वॉर्डाचा ग्रुप, शाळेच्या बॅचचा ग्रुप, भजनी मंडळाचा ग्रुप, शेतकरी गटाचा ग्रुप, आणि या सगळ्यांतून चिडून बाहेर पडलेल्यांचा आणखी एक ग्रुप. व्हॉट्सॲपनं ग्रुपची मर्यादा 2016 मध्ये 256 केली, 2022 मध्ये आधी 512 आणि मग 1024. कंपनीला वाटलं असेल, मोठमोठ्या संस्थांची सोय झाली. इकडे एका आडनावाच्या भावकीलाही ती कमी पडू लागली.

सकाळी पाच वाजता गुलाब येतो. मागोमाग समई, गणपती, वाफाळता चहा आणि सुविचार. हे फक्त आपल्याच नशिबी आहे असं वाटणाऱ्यांसाठी सांगायचं, तर 2018 च्या जानेवारीत वॉल स्ट्रीट जर्नलनं यावर बातमी दिली होती. भारतातले फोन इतके अडखळतात का, याचा शोध गुगलची माणसं घेत होती आणि हाती लागले ते शुभ प्रभातचे लाखो फोटो. भारतात दर तीन स्मार्टफोनधारकांपैकी एकाच्या फोनमधली जागा रोज संपते, असं त्या बातमीत होतं. सिलिकॉन व्हॅलीत पगार घेणाऱ्या इंजिनिअरांना गुलाब ओळखून पुसणारी सोय लिहावी लागली. मूलच्या पोराला हे आधीच माहीत होतं. फोन हँग झाला म्हणून त्याच्या हातात दिला की तो गॅलरी उघडतो, एकवार घरमालकाकडे पाहतो आणि म्हणतो, "काकाजी, देव डिलीट करू का?" यावर घरात जी शांतता पसरते ती पाहण्यासारखी असते.

दुरुस्तीचे सल्लेही आता ग्रुपवर मिळतात. एकानं लिहिलं, 'माझा लॅपटॉप गेला, कुणाला माहीत असेल तर सांगा.' पहिलं उत्तर आलं ते दोन हात जोडलेलं. दुसऱ्यानं लिहिलं, भावपूर्ण श्रद्धांजली. नंतरच्यांनी वर न पाहता दुसऱ्याच्या मागोमाग श्रद्धांजली वाहिली. 'गेला' एवढंच वाचलं होतं. मध्येच धानाच्या खताची जाहिरात आली, एकानं सीपीयूत लिंबू ठेवायला सांगितलं, एकानं विचारलं कोणत्या गावचे होते. संध्याकाळी एका शहाण्यानं लिहिलं, 'चार्जरचा प्लग बघा.' प्लगच होता. पण तोवर त्या संदेशावर झाडीपट्टीतल्या एका नाटकाचं पोस्टर येऊन बसलं होतं आणि चर्चा तिकडे वळली होती.

हिंजवडीत नोकरी करणारा मुलगा मूलच्या वडिलांना दुरून मदत करू पाहतो, तेव्हा वेगळाच प्रसंग उभा राहतो. तो म्हणतो, "बाबा, एनीडेस्क टाका आणि त्यावरचा आकडा सांगा, मी इथून पाहतो." वडील गप्प. मग म्हणतात, "ग्रुपवर आलं होतं, असा आकडा कोणाला सांगाचा नाही. खातं खाली होते." आता पंचाईत अशी, की हा फॉरवर्ड खरा. 2019 च्या फेब्रुवारीत रिझर्व्ह बँकेनं या ॲपच्या आडून होणाऱ्या फसवणुकीबद्दल बँकांना सावध केलं होतं. ॲप स्वतः गरीब, पण दुसऱ्याचा पडदा दुरून चालवायची सोय चोरांनाही आवडली. मुलगा समजावतो, "बाबा, मी आहे." वडील विचारतात, "कशावरून?" मुलगा आजीचं नाव सांगतो, जुन्या बैलजोडीची नावं सांगतो, दहावीचे मार्क सांगतो. मार्क ऐकल्यावर वडिलांची खात्री पटते, कारण इतके कमी मार्क कुणी चोर स्वतःचे म्हणून सांगणार नाही. आयुष्यभर आलेल्या फॉरवर्डांपैकी एक खरा निघाला, आणि तो पोटच्या पोरावर वापरला गेला.

4 ऑक्टोबर 2021 च्या सोमवारी रात्री नऊनंतर व्हॉट्सॲप, फेसबुक आणि इन्स्टाग्राम एकदम थांबले. मूलमध्ये काय झालं असेल ते सांगायला नको. फोन बंद-चालू झाले. रिचार्ज तपासले गेले. राउटर हलवले गेले. काही जण नेटवर्कसाठी गच्चीवर गेले आणि शेजारीही गच्चीवर दिसल्यामुळे पुष्कळ दिवसांनी समोरासमोर बोलले. तिकडे अमेरिकेत देखभालीच्या कामात दिलेल्या एका आज्ञेनं फेसबुक कंपनीचं जाळं बाकी इंटरनेटपासून तुटलं होतं. कर्मचाऱ्यांची दारं उघडणारी कार्डंही चालेनात, अशा बातम्या आल्या. सुमारे सहा तास हा खेळ चालला. एवढ्या मोठ्या कंपनीचे इंजिनिअर स्वतःच्याच दाराबाहेर ताटकळत असताना मूलमधल्या एका पोराला मात्र रात्री साडेदहाला तीन घरांतून बोलावणं होतं, कारण ज्यांनी आदल्या आठवड्यात त्याच्याकडून फोन दुरुस्त करून घेतला होता त्यांची खात्री होती, की हे त्यानंच बिघडवलं.

इथवर ठीक. पण फॉरवर्डाची गंमत जंगलाच्या कडेला येऊन संपते. 2025 च्या नोव्हेंबरच्या सुरुवातीला चंद्रपूर जिल्ह्यातल्या प्रत्येक फोनवर एक व्हिडिओ पोचला. सीसीटीव्हीचा वाटावा असा. ब्रह्मपुरीच्या वनविश्रामगृहाबाहेर एक माणूस खुर्चीवर बसलाय, वाघ येतो आणि त्याला ओढून नेतो. मूलहून सिंदेवाही, नागभीड ओलांडलं की ब्रह्मपुरी. म्हणजे आपल्याच रस्त्यावरची गोष्ट. वन विभागाला जाहीर सांगावं लागलं, की असं काही घडलेलंच नाही, हा व्हिडिओ एआयनं बनवलेला आहे. त्याच सुमाराला पेंचच्या रस्त्यावर एका दारुड्यानं वाघाला कुरवाळून बाटली पाजल्याचाही व्हिडिओ फिरला. तोही तसाच, कृत्रिम. वाघ, दारुडा आणि बहुधा दारूही.

झाडीपट्टीतला प्रेक्षक रात्रभर नाटक पाहतो. पहाटे चारला तिसरा अंक चाललेला असतानाही राजाचा मुकुट पुठ्ठ्याचा आहे हे त्याला पक्कं ठाऊक असतं. तोच माणूस सहा इंची पडद्यावरच्या वाघाला भुलला, याचं कारण भोळेपणात शोधू नये. इथं वाघ खरोखर शेजारी आहे. मूलचा काही भाग ताडोबाच्या बफरमध्ये येतो. मोहफुलं आणि तेंदूपत्ता वेचायला गेलेली माणसं दर उन्हाळ्यात वाघाच्या तोंडी जातात. मे 2025 मध्ये सिंदेवाही तालुक्यात एकाच दिवशी तीन बायका गेल्या. जिथं खरी बातमीच इतकी भयंकर, तिथं खोटी ओळखायची कशी? आणि म्हणूनच ती बनवणाऱ्याचा आणि न पाहता पुढे ढकलणाऱ्याचा राग येतो. खोट्या वाघामागे एक रात्र धावलेला वनरक्षक खऱ्या वाघाच्या रात्री दुसरीकडे असतो.

याच जिल्ह्यात एआयचा दुसरा उपयोगही चालू आहे. ताडोबाच्या बफरमधल्या सीतारामपेठ गावाभोवती कॅमेरे बसवले आहेत. वाघ गावाकडे येताना दिसला की ते ओळखतात आणि इशारा जातो. म्हणजे एक यंत्र खऱ्या वाघाची खबर देतं आणि दुसरं खोटा वाघ तयार करतं. पहिल्याची खबर थोडक्या माणसांना जाते. दुसऱ्याचा वाघ हजारो फोनांत एका रात्रीत शिरतो.

खोट्या फॉरवर्डानं माणसं मेल्याचंही आपण पाहिलं आहे. 1 जुलै 2018 ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात, मुलं पळवणारी टोळी आल्याच्या अफवेवरून भिक्षेसाठी फिरणाऱ्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना जमावानं ठार मारलं. देशभर त्या सुमारास असं घडत होतं. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपनं भारतात एका वेळी फक्त पाच ठिकाणी फॉरवर्ड करण्याची मर्यादा घातली. त्यानंतर एका ग्रुपवर एका काकाजींनी तक्रार केली होती, की फोन खराब झाला, पाचच्या वर जातच नाही. त्याचाही डबा आला होता.

पोराला आता एकच मागणं असतं: बोलावण्याआधी स्क्रीनचा फोटो पाठवा. फोटो येतो. त्यात मॉनिटरवर ट्यूबलाइटचं प्रतिबिंब असतं, फ्लॅशचा पांढरा गोळा असतो, बनियनमधल्या काकाजींची सावली असते आणि डब्याचा वरचा निम्मा भाग असतो. बिघाडाचा आकडा ज्या ओळीत असतो, ती ओळ कापलेली.

तेव्हा वाचकांना थोडं कामाचं सांगून थांबतो. वाघाचा व्हिडिओ आला तर पुढे पाठवण्याआधी वन विभागाच्या 'हॅलो फॉरेस्ट'ला 1926 वर विचारा. खात्यातून पैसे गेले असतील तर लगेच 1930 वर कळवा, उशीर करू नका. घरच्या कम्प्युटरसाठी असा सरकारी क्रमांक अजून निघालेला नाही. त्यासाठी फोटोच पाठवा, फक्त फ्लॅश बंद करा, मोबाइल आडवा धरा आणि डबा पूर्ण येऊ द्या, खालच्या बटणासकट.